फिल्म घरी धुवा, पण त्यासाठी मुदत ठेव मोडू नका

प्रश्न: वय ४४, नाशिकला नोकरी. ४×५ इंची कॅमेऱ्यावर महिन्याला साधारण १५ कृष्णधवल शीट (एकेका फोटोची सुटी फिल्म) काढतो. त्या मुंबईच्या लॅबला पाठवतो. शीटमागे २५० रुपये आणि वर्षाला कुरिअरचे ६,००० जातात. जोबो या जर्मन कंपनीचा सीपीपी-३ हा रोटरी प्रोसेसर (टाकी फिरवत फिल्म धुणारं यंत्र) टाकी-रिळासह, सीमाशुल्क धरून ३,१०,००० ला पडतोय. घरी केमिकलचा खर्च शीटमागे ४० रुपये येईल. ४,५०,००० ची मुदत ठेव मोडून यंत्र घ्यावं का? घरखर्च महिना ७०,०००, मार्चमध्ये बोनस सव्वा लाख. पुढे रंगीत फिल्मही करायची आहे. इतरांच्या फिल्म धुवून काही पैसे सुटतील असंही वाटतं.

उत्तर: घरी धुण्याचा तुमचा निर्णय बरोबर आहे, आणि तो मला मनापासून आवडला. वर्षाला १८० शीट म्हणजे लॅब आणि कुरिअर मिळून ५१,००० रुपये. घरी केमिकलचे ७,२०० होतील. वर्षाला ४३,८०० वाचतात, ही रक्कम लहान नाही.

पण ही बचत घरी धुण्याची आहे, यंत्राची नव्हे. तुमच्या पत्रात या दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पत्रासोबत तुम्ही सुट्या भागांचे भाव पाठवलेत. त्यातली जोबोची २५२० टाकी, २५०९एन रीळ आणि हाताने फिरवायची रोलर बैठक घ्या. त्यात चेंजिंग टेंट (अंधारात फिल्म भरायचा छोटा तंबू), चांगला थर्मामीटर आणि बाटल्या मिळवल्या तर बेरीज ५८,००० होते. या सामानात एका वेळी ६ शीट निघतात आणि २७० मिलि द्रावण पुरतं. ४३,८०० ची सगळीच्या सगळी बचत इथेच हाती येते, आणि पैसे सुमारे सोळा महिन्यांत वसूल होतात. उरलेले २,५२,००० रुपये मोजून जे मिळतं ते म्हणजे मोटर आणि पाण्याचं तापमान राखणारा हीटर. तुमच्या महिन्याच्या १५ शीट म्हणजे तीन फेऱ्या. तेवढ्यासाठी टाकी हाताने फिरवणं जड जात नाही.

संपूर्ण यंत्राचा हिशेब वेगळाच येतो. नुसता भागाकार केला तर सात वर्षं. ठेवीवर ७ टक्के व्याज धरलं, तर पहिल्याच वर्षी २१,७०० रुपयांचं व्याज बुडतं आणि पैसे वसूल व्हायला दहा वर्षं लागतात. दहा वर्षं याच गतीने फोटो काढाल आणि फिल्मही मिळत राहील, हे दोन्ही गृहीत धरावं लागतं. शिवाय जोबोने मधली काही वर्षं हे प्रोसेसर बनवणं थांबवलं होतं. सुटे भाग जर्मनीहून येणार आणि विकायचं ठरवलं तर इथे गिऱ्हाईक मोजकंच, हेही लक्षात घ्या.

हीटरचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तुमचं सगळं काम कृष्णधवल आहे. ते साधारण २० अंशांवर चालतं. एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या छतावरच्या टाकीतून येणारं पाणी त्याहून कितीतरी गरम असतं. यंत्र पाणी तापवतं. थंड करायचं तर त्याला बाहेरून थंड पाणीच द्यावं लागतं. म्हणजे तीन लाख खर्चूनही उन्हाळ्यात बर्फाच्या बाटल्या ठेवाव्या लागतीलच. त्यापेक्षा २४ अंशांवर काम करा. २० अंशांना १० मिनिटं लागत असतील तर २४ ला साधारण ७ लागतात. सतत फिरवण्यामुळे त्यातूनही १५ टक्क्यांपर्यंत वेळ कमी करावा लागतो. मात्र वेळ ५ मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका, फिल्म असमान धुतली जाते. डेव्हलपर (फिल्मवर प्रतिमा उमटवणारं द्रावण) जास्त पातळ करून वेळ वाढवा. पण पातळ करतानाही हिशेब ठेवा: ४ शीटचं क्षेत्रफळ ३६ फोटोंच्या एका रोलएवढं असतं, म्हणजे ६ शीटना दीड रोलचा डेव्हलपर हवा. इथे काटकसर केली तर निगेटिव्ह फिक्या येतील.

रंगीत निगेटिव्ह सुरू केल्यावर चित्र बदलतं. सी-४१ या रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या प्रक्रियेत डेव्हलपर ३८ अंशांवर ३ मिनिटं १५ सेकंद असतो आणि तापमान जरा हललं तरी रंग बिघडतात. यंत्राचं खरं मोल तिथे आहे. पण तुम्ही अजून रंगीत शीट काढत नाही. आधी काही महिने काढा, लॅबकडून धुवून घ्या.

आता ठेवीविषयी, आणि यावर मी ठाम आहे. ४,५०,००० म्हणजे तुमच्या घराचा जेमतेम साडेसहा महिन्यांचा खर्च. ही तुमची अडीअडचणीची गंगाजळी आहे. त्यातून ३,१०,००० काढले तर दोन महिन्यांचा खर्च उरतो. नोकरीत खंड पडला किंवा घरात दुखणं निघालं तर यंत्र मिळेल त्या भावात विकावं लागेल. मुदतीआधी ठेव मोडल्याबद्दल बँक व्याजही कापते.

इतरांच्या फिल्मचं उत्पन्न या हिशेबात धरू नका. एक फेरी चुकली की सहा शीट जातात, आणि दुसऱ्याने किल्ल्यावर चढून काढलेला फोटो भरपाई देऊन परत आणता येत नाही. निदान वर्षभर फक्त स्वतःच्याच शीट धुवा.

तेव्हा मार्चच्या बोनसमधून ५८,००० चं सामान घ्या. भाव ठरवताना सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) धरले आहेत का ते लेखी विचारा; परदेशी चलनात कार्डाने पैसे भरलेत तर बहुतेक बँका २ ते ३.५ टक्के वर लावतात. सुरुवातीला वाया गेलेल्या शीट घेऊन रीळ उजेडात भरायचा सराव करा, कारण ते रीळ भरायला किचकट आहे. एप्रिलपासून महिना १०,००० ची आवर्ती ठेव सुरू करा. दोन वर्षांत उरलेले अडीच लाख जमतील. तोवर रंगीत काम रुळलं असेल तर यंत्र जरूर घ्या. हीच टाकी आणि हेच रीळ त्यावर बसतं, त्यामुळे आजचा खर्च वाया जात नाही.