उतारावर गाडी लावताना नुसता हॅण्डब्रेक पुरतो का? गिअरमध्ये ठेवली तर गिअरबॉक्स खराब होतो असं ऐकलंय.

बहुतेक वेळा पुरतो आणि सगळा घोळ तिथेच आहे, कारण रोज पुरतोय म्हटल्यावर माणूस गिअर टाकायचं सोडूनच देतो. गिअरबॉक्सची काळजी सोडा. चढावर भरलेली गाडी ओढताना गिअरवर जेवढा लोड येतो त्याच्या पुढे उभ्या गाडीचा लोड म्हणजे काहीच नाही. फक्त परत स्टार्ट करताना क्लच दाबायचं विसरू नका, नाहीतर गाडी जागच्या जागी उडी मारते.

आता हॅण्डब्रेक एकटा असला की दगा का देतो ते सांगतो. लोकांना वाटतं गाडी सरकायची असेल तर लावल्या लावल्या सरकेल, दोन मिनिटं उभी राहिली म्हणजे झालं काम. तसं नसतं, बऱ्याचदा ती नंतर सुटते. समजा तुम्ही घाट उतरून आलात, ब्रेक चांगले तापलेत, मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेकच आहेत (म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात) आणि तुम्ही हॅण्डब्रेक ओढून उतरलात. तापलेली डिस्क किंचित फुगलेली असते, त्या फुगलेल्या डिस्कला पॅड धरून बसतात, मग सगळं थंड होताना डिस्कही आकसते आणि पॅडही, आणि लिव्हर मात्र होता तिथेच राहिल्याने केबलचा ताण कमी होऊन पकड ढिली पडते. हे मी डोळ्यांनी बघितलंय, घाटाखाली एक गाडी लावलेली, मंडळी उतरून फोटो काढतायत, गाडीत कोणी नाही आणि ती आवाज न करता हळूच निघाली की! पुढे दगडी कठडा होता म्हणून बंपरवर निभावलं. मालक शपथेवर सांगत होता की हॅण्डब्रेक ओढलाय, आणि आत डोकावून बघितलं तर लिव्हर खरंच वर होता. त्यामुळे ब्रेक तापलेले असतील तर एक-दोन क्लिक जास्त ओढा आणि गिअर टाकाच. बटणाचा इलेक्ट्रिक हॅण्डब्रेक असेल तर काही गाड्यांत तो थोड्या वेळाने आपोआप परत कसतो, पण सगळ्यांत नाही.

जोर किती लागतो त्याचा अंदाज घ्या. 1200 किलोची गाडी 20 टक्के उतारावर (म्हणजे 100 मीटर पुढे गेलं की 20 मीटर खाली) उभी केली तर तिला खाली ओढणारा जोर साधारण 235 किलो वजनाएवढा होतो. युरोप आणि अमेरिकेच्या नियमांप्रमाणे पार्किंग ब्रेकने 20 टक्के उतारावर भरलेली गाडी धरली पाहिजे, अमेरिकेत ही टेस्ट 5 मिनिटांची असते. पण ती नव्या, नीट अ‍ॅडजस्ट केलेल्या गाडीची गोष्ट झाली, आपल्या गाडीची केबल ताणलेली आणि ब्रेकचे लायनर (घासून धरणारे पट्टे) झिजलेले असतात. आणि 2 टक्के उतार तर डोळ्याला सपाटच दिसतो, तिथेही 24 किलोचा जोर असतो, टायर घरंगळायला लागतो त्याहून जास्तच. म्हणून "इथे कुठे उतार आहे" हे वाक्य मी मनावर घेत नाही.

गिअर कुठला? तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. टॉप गिअरचा काही उपयोग नाही, इंजिनला फिरवायला तिथे फारसा जोर लागत नाही. पण गिअरवरही एकट्यावर विसंबू नका कारण बंद इंजिन गाडीला धरतं ते सिलिंडरमधल्या दाबाने, तो दाब हळूहळू गळतो आणि तीव्र उतारावर गाडी थोडी सरकते, थांबते, परत थोडी सरकते. दोन्ही लावायचं.

क्रमही महत्त्वाचा आहे. पायाचा ब्रेक दाबलेला ठेवून न्यूट्रल, मग हॅण्डब्रेक, मग पाय हळूच उचला. गाडी इंचभर बसते आणि थांबते, ते बसणं जाणवलं पाहिजे. न थांबता सरकतच राहिली तर हॅण्डब्रेक धरत नाहीये हे तिथेच कळतं. मग गिअर टाका, ऑटोमॅटिक असेल तर पी, म्हणजे पार्क. लोक थेट पी टाकून पाय काढतात, म्हणजे अख्ख्या गाडीचं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या लोखंडी खिटीवर, नंतर पी मधून काढताना खाडकन आवाज येतो तो त्याचाच. आणि पी पडलाय हे डॅशबोर्डवर वाचूनच उतरा. 2016 मध्ये जीप, डॉज, क्रायसलरच्या जवळपास 11 लाख गाड्या परत मागवल्या होत्या, त्यांचा गिअर लिव्हर कुठलाही गिअर टाकला तरी परत मधेच येऊन थांबायचा, पी पडलाय असं समजून लोक उतरायचे. त्याच वर्षी जूनमध्ये अँटन येलचिन हा अभिनेता घराच्या उतारावर स्वतःच्याच जीपखाली सापडून गेला, ती गाडी त्या मागवलेल्यांपैकीच होती.

पुढची चाकं वळवणं हा फुकटचा विमा आहे. उताराकडे तोंड असेल तर फुटपाथकडे वळवा. चढाकडे तोंड आणि फुटपाथला कड असेल तर रस्त्याकडे वळवा, म्हणजे मागे सरकली तर टायर कडेला अडतो. कडच नसेल तर दोन्ही वेळा रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला. सॅन फ्रान्सिस्कोत 3 टक्क्यांहून जास्त उतार असला की हे न केल्याबद्दल दंड होतो.

तुम्ही विचारलं नाहीये पण स्टेपनी बदलताना सगळ्यात जास्त फसगत होते. गिअर ज्या चाकांना फिरवतो त्यातलं एक जॅकवर उचललं की गिअर असून नसल्यासारखा, कारण डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) उचललेलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सरकू शकतं. मागचं चाक उचललं तर हॅण्डब्रेकला धरायला एकच चाक उरतं. त्यामुळे आधी सपाट जागा शोधा आणि उचलायच्या चाकाच्या तिरक्या विरुद्ध कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळा ठोकून बसवा, मगच जॅक लावा.

आणि गाडी सुटलीच तर पुढे उभं राहून अडवायला किंवा पळत जाऊन आत शिरायला जाऊ नका, ओरडा, रस्त्यातली माणसं बाजूला करा, पत्रा नंतर दुरुस्त होतो.

बाकी तुमचा हॅण्डब्रेक किती क्लिकवर धरतो ते मॅन्युअलमध्ये दिलंय त्याच्याशी ताडून बघा. लिव्हर पार वर येत असेल तर केबल अ‍ॅडजस्ट करून घ्या, काम छोटंच असतं.