वाचकांचे प्रश्न : शेजारच्या आंदोलनात आपला पुढारी

प्रश्न : आमच्याकडे धुऱ्याच्या भांडणात तिसऱ्या गावचा माणूस पडला की वाद हमखास वाढतो. नेपाळात राजाविरुद्ध आंदोलन सुरू असताना आपले पुढारी तिकडे गेले होते म्हणतात. त्याचा फायदा लोकांना झाला की राजाला?
(शेतकरी वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : दोघांनाही झाला. जानेवारी 1990 मध्ये काठमांडूत गणेशमान सिंह यांच्या घरी नेपाळी काँग्रेसचं संमेलन भरलं. तेव्हा तिथे पक्षांवरची बंदी जवळपास तीस वर्षं जुनी होती. आपले खासदार, पुढे पंतप्रधान झालेले चंद्रशेखर त्या संमेलनाला गेले आणि उघडपणे बोलले. बंदी असलेल्या पक्षाच्या अंगणात शेजारचा नामांकित खासदार उभा राहिला, की कार्यकर्त्याच्या मनातली धरपकडीची भीती कमी होते, आणि जगाचं लक्ष आहे हे पोलिसांनाही कळतं. 18 फेब्रुवारीला आंदोलन सुरू झालं आणि 8 एप्रिलला बंदी उठली.

पण त्याची दुसरी बाजूही आहे. मार्च 1989 मध्ये भारत-नेपाळ व्यापार व पारगमन करार संपले होते आणि दोन वगळता मालवाहतुकीचे सगळे नाके भारताने बंद केले होते. रॉकेलसाठी रांगा लावणाऱ्या माणसाला ‘हे आंदोलन दिल्लीचं आहे’ असं सांगणं दरबाराला त्यामुळे सोपं गेलं. पाहुणा कोण आहे एवढ्यावर भागत नाही. त्याच्या देशाने तेव्हा सीमेवर काय चालवलंय, हे लोक आधी पाहतात.

2006 मध्ये चूक वेगळी झाली. राजाची थेट सत्ता हटवण्यासाठी नेपाळात 6 एप्रिलपासून बंद सुरू होता. भारताच्या पंतप्रधानांचे विशेष दूत म्हणून डॉ. करण सिंह राजा ज्ञानेंद्रांना भेटले. त्यांची सासुरवाडी नेपाळच्या राणा घराण्यातली, त्यामुळे रस्त्यावरच्या लोकांना शंका आधीपासूनच होती. 21 एप्रिलला राजाने आंदोलन करणाऱ्या सात पक्षांना पंतप्रधानाचं नाव सुचवायला सांगितलं आणि दिल्लीने त्याचं लगेच स्वागत केलं. रस्त्याने तो प्रस्ताव झिडकारला. लगेच दुसऱ्या दिवशी परराष्ट्र सचिव श्याम सरन यांना, भारत नेपाळी जनतेच्या इच्छेसोबत आहे, असा खुलासा करावा लागला. 24 एप्रिलला राजाने 2002 मध्ये विसर्जित केलेली संसद परत बोलावली. दूत गेला ही चूक नव्हती. आंदोलकांना न विचारता तोडग्याला ‘चांगला’ म्हणण्याची घाई झाली, ती चूक होती. याउलट 22 नोव्हेंबर 2005 रोजी सात पक्ष आणि माओवादी यांच्यात जी 12 कलमी समजूत जाहीर झाली, तिची बोलणी दिल्लीत झाली होती. त्यात सीताराम येचुरींसारख्या नेत्यांनी दुवा साधला, पण सह्या नेपाळी पक्षांच्याच होत्या. ते काम टिकलं.

युक्रेनमध्येही हेच दिसतं. नोव्हेंबर 2004 मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत घोटाळा झाला म्हणून लोक रस्त्यावर होते. तेव्हा शेजारच्या पोलंडचे माजी अध्यक्ष लेक वालेन्सा राजधानी कीवच्या चौकात आले, लोकांना धीर आला. पण पेच सोडवण्याचं काम दुसऱ्या ठिकाणी चाललं होतं. पोलंडचे अध्यक्ष क्वाश्नेव्स्की, लिथुआनियाचे अॅडॅम्कुस आणि युरोपीय संघाचे सोलाना यांनी दोन्ही उमेदवारांना एका टेबलावर बसवलं. 3 डिसेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मतदानाची दुसरी फेरी रद्द केली, 26 तारखेला फेरमतदान झालं. ‘अमक्याला निवडा’ असं म्हणणाऱ्या पाहुण्यापेक्षा ‘मतं नीट मोजा’ म्हणणारा पाहुणा आम्हाला मोलाचा वाटतो.

भेटीनेच सारं घडतं असंही नाही. 15 मे 2024 रोजी एस्टोनिया, लिथुआनिया आणि आइसलँडचे परराष्ट्रमंत्री जॉर्जियाच्या तिबिलिसीत निदर्शकांसोबत उतरले. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांवरच्या ज्या कायद्याविरुद्ध ती निदर्शनं होती, तो आदल्याच दिवशी मंजूर झाला होता. अध्यक्षांनी नकाराधिकार वापरला, तोही 28 मे रोजी संसदेने मोडून काढला.

आता ‘हस्तक्षेप’ या शब्दाबद्दल. निकाराग्वातल्या बंडखोरांना अमेरिकेने शस्त्रं पुरवली, त्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1986 मध्ये जबरदस्ती हा बेकायदा हस्तक्षेपाचा गाभा मानला. नुसतं भाषण म्हणजे शस्त्र पुरवणं नव्हे. पण कायद्यात बसतं म्हणून ते शहाणपणाचं ठरतंच असं नाही.

प्रश्न : मी पंचायत समिती सदस्य आहे. नेपाळातल्या एका संस्थेने लोकशाहीवरच्या परिषदेला बोलावलंय. तिकीट आणि राहणं त्यांचंच. आमदार-खासदारांचे नियम मला लागतात काय?
(ता. मोर्शी, जि. अमरावती)

उत्तर : लागतात, आणि इथेच बरेच जण फसतात. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, 2010 मध्ये ‘विधिमंडळ’ या शब्दाच्या व्याख्येत पंचायतीही येतात. म्हणजे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, तुम्ही, सगळेच. कलम 6 प्रमाणे परदेशी यजमानाच्या खर्चाने प्रवास किंवा निवास घ्यायचा तर केंद्रीय गृह मंत्रालयाची आगाऊ परवानगी हवी. पक्षाच्या पदाधिकाऱ्यालाही हेच लागू. अर्ज एफसी-2 नमुन्यात ऑनलाइन भरा, सोबत निमंत्रणपत्र जोडा. तो निघायच्या किमान दोन आठवडे आधी पोचला पाहिजे, आम्ही तर महिनाभर आधी भरा म्हणू. निमंत्रणपत्रात कोणता खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहून घ्या. ‘सर्व व्यवस्था केली जाईल’ एवढंच लिहिलेलं पत्र कामाचं नाही.

स्वतःच्या पैशाने गेलात तर हे कलम आड येत नाही. नेपाळला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. 15 ते 65 वयोगटाला आधार कार्ड चालत नाही. नागपूरहून रेल्वेने गोरखपूर आणि तिथून रस्त्याने सुनौली नाका, ही सोयीची वाट. तिथे गेल्यावर व्यासपीठावर एकाच पक्षाचे झेंडे दिसले तर खाली, श्रोत्यांत बसा.

प्रश्न : शेजारच्या देशातल्या आंदोलनाला पाठिंब्याचा ठराव ग्रामसभेत घेता येतो का?
(ता. देसाईगंज, जि. गडचिरोली)

उत्तर : परराष्ट्र व्यवहार हा संघसूचीतला दहावा विषय, केंद्राचा. म्हणून असा ठराव ग्रामपंचायतीचा निर्णय ठरत नाही आणि त्यावर ग्रामनिधीतला एक रुपयाही खर्च करता येणार नाही. गावकरी म्हणून सह्यांचं पत्र मात्र जरूर काढा. ते तुमचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. फक्त मजकूर लिहिताना ध्यानात असू द्या, की 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ‘परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध’ हे त्या स्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालण्याचं एक कारण म्हणून जोडलं आहे. पत्रात पकडलेल्यांच्या सुटकेची आणि खुल्या निवडणुकीची मागणी करा, आणि ते खासदारांच्या हाती द्या. संसदेत प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना आहे.