टेबलामागे कोण बसलंय ते बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली कॉमिक कॉनची, म्हणजे कॉमिक्सच्या संमेलनांची, यादी वाचली. सॅन डिएगो, न्यूयॉर्क, शिकागो, ऑर्लँडो. सगळी मोठी नावं, आणि शिल्लक पैशांत यातलं एकच जमेल असंही लिहिलंयस. तुला कॉमिक्स नुसतं वाचायचं नाही, काढायचं आहे. ते लक्षात घेऊन स्पष्ट सांगते, यंदा यातलं एकही नको. मी जी ठिकाणं सुचवणार आहे त्यातली दोन तर तुझ्या वॉशिंग्टनच्या खोलीपासून गाडीने सकाळी जाऊन रात्री परत येण्याइतकी जवळ आहेत.

आधी सॅन डिएगोबद्दल, कारण नव्या मुलांची नजर तिकडेच असते. 1970 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या यू. एस. ग्रँट हॉटेलात तीन दिवसांचं संमेलन भरलं, तेव्हा जेमतेम तीनशे माणसं होती. पाहुण्यांमध्ये चित्रकार जॅक कर्बी होते, विज्ञानकथा लिहिणारे रे ब्रॅडबरी होते. आज तिथे 1 लाख 30 हजारांवर लोक येतात. हॉल एच नावाच्या सभागृहात सुमारे साडेसहा हजार खुर्च्या आहेत आणि त्यातली एक मिळावी म्हणून लोक आदल्या रात्रीपासून फुटपाथवर बसतात. आत जे दाखवतात ते मुख्यतः येऊ घातलेल्या सिनेमांचं आणि मालिकांचं असतं. कॉमिक्स तिथून हद्दपार झालंय असं मात्र समजू नकोस. कॉमिक्ससाठीचे आयस्नर पुरस्कार अजून तिथेच दिले जातात, छोट्या प्रकाशकांसाठी वेगळी जागा असते, आणि ज्येष्ठ चित्रकारांच्या मुलाखती बाजूच्या खोल्यांमध्ये दिवसभर चाललेल्या असतात. पुढे कधी गेलास तर त्या खोल्यांसाठी जा. पण विमान, हॉटेल आणि तिकीट एवढा खर्च पहिल्याच वर्षी त्यावर करू नये असं माझं ठाम मत आहे.

हे असं का होतं ते समजून घे, म्हणजे पुढे कुठलीही कॉन तुझी तुला पारखता येईल. सिनेमातला नट बोलवायचा तर आयोजकाला बहुतेक वेळा ठरावीक रकमेची हमी आधी द्यावी लागते. ती रक्कम सह्या आणि फोटो यांतून वसूल व्हावी लागते. मग सगळी मांडणी त्याच हिशोबाने होते: मोक्याची जागा त्या रांगांना, जाहिरातीत तेच चेहरे, आणि चित्रकारांची टेबलं मागच्या भिंतीला. येणाऱ्याच्या खिशात तर ठरावीकच पैसे असतात. तिकीट, पार्किंग, खाणं, एक सही, एक फोटो एवढं झालं की दहा डॉलरची पुस्तिका घ्यायलाही हात आखडतो. एका मोठ्या शहरातल्या कॉनमध्ये मी पाहिलेलं अजून मनातून जात नाही. एखादं पात्र कित्येक वर्षं दर महिन्याला पानामागून पान काढून ज्याने जगवलं, तो चित्रकार टेबलामागे एकटा बसला होता. आणि त्याच पात्राची पडद्यावर भूमिका केलेल्या नटासाठी लागलेली रांग त्याच्या टेबलाला वळसा घालून पुढे गेली होती. रांगेतल्या लोकांना मी दोष देत नाही. हा माणूस कोण, हे आयोजकांनी त्यांना कुठे सांगितलंच नव्हतं.

कॉसप्लेवर माझा राग नाही, हेही इथेच सांगते. स्वतःच्या हाताने शिवून, रंगवून आलेली मुलं मला आवडतात. वेशभूषा करून आलेलं माणूस कॉमिक्सही विकत घेतं. अडचण पैशाच्या वाटेची आहे.

म्हणून तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी बघ. पाहुण्यांच्या यादीत पहिली दहा नावं कुणाची आहेत? लेखक, चित्रकार, इंकर (पेन्सिलीवर शाई चढवणारा), लेटरर (फुग्यांतली अक्षरं काढणारा), की नट? दुसरी गोष्ट, सभागृहाचा नकाशा. आर्टिस्ट ॲली, म्हणजे चित्रकारांच्या टेबलांची जागा, मध्यभागी आहे की स्वच्छतागृहाच्या बोळात, हे नकाशा लपवू शकत नाही. आयोजक कोण हेही जमलं तर बघावं. कॉमिक्सचं दुकान चालवणाऱ्या माणसाने भरवलेली कॉन आणि निव्वळ कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीची कॉन यांत आत पाऊल टाकताच फरक जाणवतो.

तुझ्यासाठी माझी पहिली पसंती एसपीएक्स, म्हणजे स्मॉल प्रेस एक्स्पो. 1994 पासून चालू आहे, साधारण सप्टेंबरात वॉशिंग्टनजवळ नॉर्थ बेथेस्डाच्या मॅरियट हॉटेलात भरतो. मेट्रोच्या रेड लाइनवर नॉर्थ बेथेस्डा स्टेशनला उतरलास की चालत जाशील. तिथे जुन्या अंकांचे खोके घेऊन बसणारे व्यापारी नाहीत, खेळण्यांचे स्टॉल नाहीत, नट नाहीत. टेबलामागे बसलेल्या माणसाने समोरचं पुस्तक स्वतः काढलेलं असतं, नाहीतर प्रकाशित केलेलं असतं. एखादी रिसो नावाच्या छपाई यंत्रावर एकेक रंग वेगळा छापलेली बारा पानी पुस्तिका उचल. शाई बोटाला थोडी लागेल, गुलाबी रंग निळ्यापासून केसभर सरकलेला असेल, मधली स्टेपल तिरकी असेल. ती रात्री जागून कुणी घरी दुमडली ते समोरच बसलेलं असतं, आणि कागद कुठला, किती प्रती काढल्या, एका प्रतीला खर्च किती आला, सगळं मोकळेपणाने सांगतं. ही माहिती तुला दुसरीकडे सहजी मिळणार नाही.

तिथेच 1997 पासून इग्नॅट्झ पुरस्कार देतात. नामांकनं कॉमिक्स काढणाऱ्यांचंच परीक्षक मंडळ ठरवतं आणि अंतिम मतदान वाचक करतात. जिंकणाऱ्याला चक्क वीट मिळते, कारण जुन्या ‘क्रेझी कॅट’ चित्रमालिकेतला इग्नॅट्झ हा उंदीर मांजराला विटा फेकून मारायचा. शिवाय 2011 पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये एसपीएक्सचा स्वतंत्र संग्रह आहे. घरी फोटोकॉपी काढलेली पुस्तिकासुद्धा देशाच्या ग्रंथालयात जपली जाते, आणि ते ग्रंथालय तुझ्याच गावात आहे. कधी कंटाळा आला तर तिथे जाऊन बस.

दुसरी बाल्टिमोर कॉमिक-कॉन. 2000 साली एका कॉमिक्स-दुकानदाराने सुरू केलेली, आणि अजून लेखक-चित्रकारांच्या जोरावर चालणारी. 2017 पासून तिथे चित्रकार माइक विरिंगो यांच्या नावाने रिंगो पुरस्कार दिले जातात. सुपरहीरोंचे मासिक अंक काढणारी कसलेली माणसं तुला भेटायची असतील तर इथे भेटतील. एसपीएक्सला ती फारशी नसतात.

तिसरीसाठी थोडे पैसे साठव. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटची हीरोजकॉन. शेल्टन ड्रम यांनी 1982 मध्ये सुरू केली. त्यांचं स्वतःचं कॉमिक्सचं दुकान आहे आणि त्यांनी ही कॉन आजवर कॉमिक्सपासून हलू दिली नाही, हे या क्षेत्रात सगळे मानतात. जूनच्या आसपास असते, वॉशिंग्टनहून थेट रेल्वे जाते. तिथे मूळ पानं बघण्यात पूर्ण एक दुपार घाल. चित्रकार काळ्या फोल्डरमध्ये आपली अस्सल पानं घेऊन बसलेले असतात, अकरा बाय सतरा इंची जाड बोर्डावरची. नम्रपणे विचारून फोल्डर उघड. शाईखाली निळ्या पेन्सिलीच्या रेषा दिसतील, हात तीनदा काढून चौथ्यांदा जमलेला दिसेल, चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचा थर बोटाला उंचवटा लागेल इतका जाड दिसेल. (बोट लावू मात्र नकोस.) जुन्या पानांवर लेटरिंगच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांचा गोंद पिवळा पडलेला असतो. ज्यांना आपण देव मानतो त्यांनी कुठे खोडलं, कुठे सोडून दिलं, हे छापील अंकात कधीच कळत नाही. शनिवारी संध्याकाळी मूळ चित्रांचा लिलाव असतो. घेणं आपल्याला परवडणार नाही, तरी बसून बघावा. त्यातली काही चित्रं कॉन चालू असतानाच काढलेली असतात.

ओहायोत कोलंबसला 2015 पासून सीएक्ससी (कार्टून क्रॉसरोड्स कोलंबस) भरतं, त्याला गेलास तर बिली आयर्लंड कार्टून लायब्ररी चुकवू नकोस. ‘कॅल्विन अँड हॉब्स’ काढणाऱ्या बिल वॉटरसन यांची मूळ चित्रं तिथे जपलेली आहेत. न्यूयॉर्कचा मोका फेस्टही चांगला. टोरंटोच्या टीकॅफबद्दल खूप ऐकशील, 2003 पासूनचा हा महोत्सव मला मनापासून आवडतो, पण भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो आणि परत येताना आय-20 या विद्यापीठाच्या कागदावरची प्रवासाची सही चालू हवी. पहिल्या वर्षी त्या फंदात पडू नकोस.

‘लहान ते चांगलं, मोठं ते वाईट’ असा अर्थ माझ्या बोलण्यातून काढशील म्हणून टोकियोचा कॉमिकेट सांगते. 1975 च्या डिसेंबरात 32 गट आणि सुमारे 700 माणसांवर सुरू झालेला हा मेळा आज लाखो लोकांचा आहे. तरी त्याचा गाभा तोच राहिला, आपलं पुस्तक आपण काढायचं आणि आपणच टेबलावर बसून विकायचं. कंपन्यांना वेगळी जागा नेमून दिलेली आहे. आणि तिथे कुणाला ‘गिऱ्हाईक’ म्हणत नाहीत. विकणारा, घेणारा, रांगा लावणारा स्वयंसेवक, सगळे ‘सहभागी’.

उलट बाजूही आहे. फ्रान्समधल्या आंगुलेमचा महोत्सव 1974 पासून फक्त कॉमिक्सचा. तरी 2016 मध्ये सर्वोच्च सन्मानाच्या यादीत तीस नावं निघाली आणि त्यात एकही बाई नव्हती. यादीतल्याच काही पुरुष चित्रकारांनी आपली नावं मागे घेतली, तेव्हा आयोजकांना यादी सोडून द्यावी लागली. 2026 चा महोत्सव तर निर्मात्यांच्या बहिष्कारामुळे रद्दच झाला. तेव्हा कार्यक्रम कॉमिक्सचा आहे एवढ्यावर समाधान मानू नकोस. तिथल्या निर्मात्यांना कसं वागवतात हे टेबलामागच्या माणसांनाच विचार. ते खरं सांगतात.

तू पुण्याहून मुंबईच्या कॉमिक कॉनला गेला होतास तेव्हा तुला जे रितं वाटलं होतं, त्याचं कारण आता तुझ्या लक्षात येईल. भारतातली कॉमिक कॉन 2011 मध्ये दिल्ली हाटात सुरू झाली, आज ती नॉडविन गेमिंग या कंपनीकडे आहे. कंपनीच व्हिडिओ गेम्सची असेल तर मैदानातली जागा गेम्सना जाणार. पण आपल्याकडे इंडी कॉमिक्स फेस्टही आहे, काढणाऱ्यांनीच चालवलेला, टेबलं आणि पुस्तिका यांच्यापलीकडे फारसं काही नसलेला. सुट्टीत भारतात गेलास आणि तारीख जुळली तर मुंबईतल्या फेस्टला जरूर जा.

आता वागायचं कसं. टेबलापाशी गेलास की पुस्तक हातात घे, दोन पानं वाच. नको असेल तर हसून ठेवून दे, त्यात अपमान नाही. आपल्या मागे कुणी पाकीट काढून उभं असेल तर लगेच बाजूला हो, कारण त्या माणसाचं टेबलाचं भाडं निघायचं असतं. टेबल चारशे डॉलरचं आणि पुस्तिका आठची असं धरलं तर पन्नास प्रती खपेपर्यंत त्याच्या हाती काही लागत नाही, हॉटेल आणि प्रवास तर वेगळाच. शनिवारी भर दुपारी आपली पानं उघडून बसायचं नाही. रविवारी उशिरा गर्दी ओसरते, तेव्हा विचार. आणि ‘कसं वाटलं?’ असं विचारलंस तर ‘छान’ एवढंच उत्तर येईल. ‘या पानावर दुसऱ्या चौकटीतून तिसऱ्या चौकटीकडे नजर जाते का?’ असं विचार, मग तो माणूस पेन्सिल काढेल. सुटी पोस्टरं नेऊ नकोस. सलग चार-पाच पानं ने, गोष्ट पुढे नेणारी.

स्वतःचं टेबल घेण्याची घाई झालेली तुझ्या पत्रात दिसली. एसपीएक्सची बरीच टेबलं लॉटरीने मिळतात, त्यामुळे मिळेलच असं नाही. पण त्याआधीचा प्रश्न तुझ्या व्हिसाचा आहे. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, आणि टेबल लावून पुस्तकं विकणं त्यात बसतं का, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचार. मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नकोस. लेखी उत्तर येईपर्यंत अर्ज करायचा नाही, हे मला कबूल कर. विकता आलं नाही तरी ओळख झालेल्या माणसाला एक प्रत भेट द्यायला हात मोकळा आहे, आणि तिथे पुस्तिकेला पुस्तिका बदलून घेण्याची पद्धतही आहे, तेवढं चालतं का तेही त्याच पत्रात विचार.

त्यासाठी एस. टी. स्टँडवरची ती गोष्ट छापायला काढ. एक लक्षात ठेव, तुझी पानं ए-फोर कागदाच्या मापाने आखलेली आहेत. इथे लेटर कागद मिळतो, तो थोडा रुंद आणि आखूड असतो. दुमडला की साडेपाच बाय साडेआठ इंचाची पुस्तिका होते, ती तुझ्या पानाच्या मानाने अरुंद पडते, आणि तुझ्या कडेच्या चौकटी कापल्या जातील. पानांचा आकडा चारच्या पटीत लागतो. तुझी दहा पानं आहेत, म्हणजे अजून दोन हवीत, आणि मला वाटतं ती कंडक्टर बाई पहाटे डेपोत येते तिथे हवीत, तो प्रसंग फार घाईत उरकलायस. फुग्यांतलं अक्षरही बारीक आहे. खऱ्या मापात एक प्रत काढून बघ आणि नवी दोन पानं पेन्सिलीत असतानाच मला पाठव, शाई नंतर.

तुझी,
मावशी