पासपोर्ट बदलला, ‘आपण’ कधी बदललं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुढच्या वर्षी तुम्ही बायको आणि सहा वर्षांच्या मुलासह कायमचे परदेशी जाताय. नोकरी, व्हिसा, घर हे सगळं मार्गी लागलंय आणि तरी झोप लागत नाही. तिथलं नागरिकत्व घेतलं की आपण त्या राष्ट्राचे होतो का? मुलगा कुणाचा होईल? आणि शेवटी विचारलंत, पासपोर्ट बदलताना रडू आलं का?

मला देश सोडून 19 वर्षं झाली, नागरिकत्व बदलून 11. तुम्ही कुठे जाताय ते लिहिलं नाहीत, मीही माझा देश लिहीत नाही. जे सांगायचंय ते कुठेही लागू पडेल.

नागरिकत्व आणि राष्ट्र या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. मी त्या इतकी वर्षं एकच समजत होते आणि त्यापायी उगाच झुरले. नागरिकत्व सरकार देतं. त्याला अर्ज असतो, परीक्षा असते, शपथ असते, तारीख असते. राष्ट्र मात्र कुठलंही कार्यालय देत नाही. जी माणसं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत आणि भेटणारही नाहीत, ती एकमेकांना आपली मानतात, एवढ्यावर ते उभं असतं. बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकाने 1983 मध्ये म्हणूनच राष्ट्राला मनात कल्पिलेला समुदाय म्हटलं. कल्पिलेला म्हणजे खोटा नव्हे. कुर्द लोक तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरियात विखुरलेले आहेत, त्यांचा स्वतंत्र देश नाही, पण आपण एक आहोत ही त्यांची भावना कुणी खोटी म्हणू शकेल का?

तुम्ही लिहिलंय की भाषा वेगळी, धर्म वेगळा, रक्त वेगळं, मग आपण तिथले होणार कसे. या तिन्ही गोष्टींवर राष्ट्र टिकतं असं इतिहास सांगत नाही. धर्म पुरेसा असता तर 1947 मध्ये जन्मलेला पाकिस्तान एकसंध राहिला असता. त्याच्या दोन भागांत सुमारे 1,600 किलोमीटरचं अंतर होतं, पण खरी दरी भाषेवरून पडली. एकटी उर्दूच राजभाषा, हे पूर्वेकडच्या बंगाली माणसांना मान्य नव्हतं. 21 फेब्रुवारी 1952 रोजी ढाक्यात आंदोलक विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तरुण मेले, आणि 1971 मध्ये बांगलादेश वेगळा झाला. मग भाषा म्हणजेच राष्ट्र म्हणावं, तर स्वित्झर्लंड चार भाषांचं एक राष्ट्र आहे आणि कोरिया एका भाषेचे दोन देश. सर्ब आणि क्रोएट एकमेकांचं बोलणं सहज समजतात, तरी 1990 च्या दशकात एकमेकांशी लढले. रक्ताबद्दल तर बोलायलाच नको. हजारो वर्षं माणसं स्थलांतर करत आलीत, निव्वळ एका रक्ताचं मोठं राष्ट्र मला तरी माहीत नाही.

या गुंत्यात मला सर्वांत जास्त उपयोगी पडला तो एर्नेस्त रेनाँ हा फ्रेंच विचारवंत. 11 मार्च 1882 रोजी पॅरिसच्या सॉर्बोनमध्ये त्याने राष्ट्र म्हणजे काय याच विषयावर व्याख्यान दिलं. 1870-71 च्या युद्धानंतर जर्मनीने आल्सास आणि लोरेनचा काही भाग फ्रान्सकडून घेतला होता. तिथले बरेच लोक जर्मन बोलीच बोलतात, म्हणून ते आमचेच, असं जर्मन विद्वान म्हणत. रेनाँचा प्रश्न साधा होता: त्या लोकांना कुणी विचारलं का? त्याच्या मते राष्ट्राला दोन गोष्टी लागतात, आठवणींचा सामायिक वारसा आणि एकत्र राहण्याची आजची इच्छा. राष्ट्र हे रोज होणारं सार्वमत आहे, असं तो म्हणाला. आणि राष्ट्र घडायला काही गोष्टी विसरायलाही लागतात, हेही त्याने सांगितलं. 1572 मध्ये फ्रान्समध्ये कॅथलिकांनी प्रोटेस्टंटांची कत्तल केली, ती प्रत्येकाने उराशी धरली असती तर फ्रेंच माणूस घडलाच नसता.

रोजचं सार्वमत असेल तर नंतर आलेल्यालाही त्यात मत आहे, हे मला त्यातून कळलं. पहिली सात-आठ वर्षं मी उलट समजत होते. मला वाटायचं, इथली माणसं अनादी काळापासून एक आहेत, पूर्ण घडलेली आहेत, आणि मी दारात उभी आहे. पण ही जुनी राष्ट्रंही मेहनतीने, कधी जुलमाने, घडवलेली आहेत. 1794 मध्ये आबे ग्रेगोआर या धर्मगुरूने फ्रान्सच्या क्रांतिकारी संसदेला कळवलं होतं की निदान 60 लाख फ्रेंच लोकांना फ्रेंच येतच नाही. 1861 मध्ये इटली एक झाली तेव्हा दहांत एकालाही इटालियन धड येत नसावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पुढे सक्तीची शाळा आली, लष्करी सेवा आली, रेल्वे आली, वर्तमानपत्रं आली, आणि शेतकऱ्याचा मुलगा ‘आपला देश’ म्हणू लागला. त्यात कित्येक बोली चिरडल्या गेल्या, हेही विसरू नका. आणि हे काम कुठेच संपलेलं नसतं. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी विचारलं होतं की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होऊ शकतील. आपण राष्ट्र आहोत असं मानून चालू नका, अजून व्हायचंय, असा त्यांचा रोख होता. परदेशात राहून मी ते भाषण पुन्हा वाचलं तेव्हा जास्त कळलं.

आता मुलाचं. कायद्याचा भाग थोडक्यात: काही देश जन्मभूमीवरून नागरिकत्व देतात, अमेरिकेने 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने तसं केलं. काही देश आईवडिलांवरून देतात. जर्मनीचा 1913 चा कायदा वंशावर होता, त्यामुळे कामगार आणण्याच्या 1961 च्या करारानंतर तुर्कस्तानातून आलेल्या कामगारांची तिथेच जन्मलेली मुलंही परदेशीच मानली गेली. 2000 साली नियम बदलला, तोही अटींसह. तुमच्या मुलाचा जन्म आधीच झालाय, तेव्हा पालकांबरोबर त्याला नागरिकत्व मिळतं का आणि कुठल्या वयापर्यंत, ते जाण्याआधी लेखी तपासा. दुसरं नागरिकत्व घेतलं की पहिलं जातं का, तेही.

पण कायदा एका दिवसात वाचून होतो. शाळेचं तसं नाही. माझी मुलगी आठ वर्षांची असताना इतिहासाचं पुस्तक घेऊन आली आणि विचारलं, “या लढाईत आपले पूर्वज होते का?” मी फटकन म्हटलं, “आपले नाही, त्यांचे.” ती काही बोलली नाही. नंतर कित्येक महिने तिने इतिहासाबद्दल मला एक प्रश्न विचारला नाही. मी तिला एका वाक्यात वर्गाबाहेर काढलं होतं. आज उत्तर द्यायचं तर मी म्हणेन, “आपले नव्हते, पण ही गोष्ट आता तुझीही आहे.” आठवणी जशा वारशाने येतात तशा दत्तकही घेता येतात. तुमच्या मुलाला दोन्ही गोष्टी सांगा, आणि कुठली खरी हे निवडायला लावू नका. त्याचं मराठी मात्र सोडू नका, कारण त्याच भाषेत मला स्वतःचं उत्तर सापडलं.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. आम्ही म्हणजे समोरचा सोडून, आपण म्हणजे समोरचा धरून. इथल्या भाषेत दोन्हींना एकच शब्द. शपथ घेताना मी तो शब्द उच्चारला, टाळ्या वाजल्या, पण आत काही हललं नाही. त्यानंतर साधारण तीन वर्षांनी शेजारणीबरोबर एका संग्रहालयात गेले होते. फार पूर्वी इथल्या सरकारने एका लहान समाजाची जी दैना केली, त्याचं प्रदर्शन होतं. मुलांचे बूट मांडले होते. शेजारीण हळूच म्हणाली, हे असं वागलो. मनात मी ते वाक्य मराठीत ऐकलं, आणि ऐकलं ते ‘आपण’ असंच. मान खाली गेली. त्या काळी माझे आजोबा-पणजोबा इथून हजारो मैल दूर होते, माझा त्यात काडीचाही हात नव्हता, तरी लाज वाटली. इथला संघ जिंकल्यावर मी अनेकदा आनंदाने ओरडले होते. पण आनंदात कुणीही सामील होतं. लाज वाटली त्या दिवशी मला कळलं की मी इथली झाले.

जुनं ‘आपण’ त्यामुळे गेलं नाही. मायदेशातल्या वाईट बातमीने अजूनही तशीच मान खाली जाते. आता दोन देशांची लाज वाटते, आणि दोन देशांची काळजीही. तुम्हाला लगेच असं काही होणार नाही, तेव्हा पहिल्या वर्षी स्वतःला तपासत बसू नका. कुणी “मुळात तुम्ही कुठले?” असं विचारेल, दहा वर्षांनीही विचारेल. ते टोचतं, मला आजही टोचतं. पण विचारणाऱ्याच्या हाती तुमचं उत्तर नाही. मतदानाला जा, शाळेच्या पालकसभेला जा, तिथल्या अन्यायावर बोला. पाहुणा गप्प बसतो, घरचा माणूस बोलतो.

आणि हो, रडू आलं. शपथेच्या दिवशी नाही. जुना पासपोर्ट कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून परत आला तेव्हा. त्यात पहिल्या प्रवासाचा शिक्का होता, तो बघत बराच वेळ बसले. तो पासपोर्ट आजही नव्याबरोबर त्याच खणात आहे.