'जपून' म्हणजे किती?

तुझा मेसेज तीनदा वाचला. 'सर, स्टेरॉइड जपून घेतलं तर चालेल ना? पहिलीच सायकल (म्हणजे पहिलाच कोर्स) आहे, ब्लडवर्क, रक्ततपासणी, करत राहीन.' डोस किती हे विचारलंस. घ्यावं का, हे विचारलंच नाहीस. म्हणजे तुझं ठरलंय. मग एकच ऐक, तो 'जपून' शब्द आधी टाकून दे.

बॉडीबिल्डर आंद्रेआस म्युन्झर बेफिकीर होता असं वाटतं तुला? शिस्तीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मार्च १९९६ मध्ये, स्टेजवरून उतरल्यावर काही दिवसांत, एकेक अवयव बंद पडत गेला. वय ३१. दुसरा बॉडीबिल्डर डॅलस मॅकार्व्हर २०१७ मध्ये गेला तेव्हा २६ वर्षांचा होता. शवविच्छेदनात हृदय भरलं ८३३ ग्रॅम. साधारण पुरुषाचं ३०० ते ३५० असतं. अरे, हृदयही स्नायूच आहे! दंड फुगवणारं औषध त्याला वगळून कसं जाईल? भिंत जाड होते, आत व्रण धरतात, ठोक्यांची लय बिघडते. रक्त घट्ट होतं, चांगलं कोलेस्टेरॉल तळाला जातं. तुझं ब्लडवर्क रक्ताचं आणि कोलेस्टेरॉलचं तेवढं दाखवेल. भिंतीबद्दल अवाक्षर काढणार नाही. त्याला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागते.

२०२५ मध्ये युरोपियन हार्ट जर्नलमध्ये २०,२८६ पुरुष बॉडीबिल्डरांचा अभ्यास आला. हृदय अचानक बंद पडून मरण्याचा धोका हौशींपेक्षा प्रो मंडळींना पाचपटीहून जास्त निघाला. तुला प्रो कार्डच, म्हणजे प्रो स्पर्धांचा परवानाच, हवंय ना? आपण 'जपून'च घेतोय असं घेणाऱ्या प्रत्येकाला वाटतं.

मीही. नऊ वर्षं. १९९२ मध्ये बॉडीबिल्डर मोहम्मद बेनअझीझा स्पर्धेनंतर काही तासांत गेला, शरीरातलं पाणी काढण्याच्या नादात. ३३ वर्षांचा. आम्ही काय म्हणालो असू? 'त्यानं अति केलं.' आम्ही अति करणार नव्हतो ना! आज माझ्या हृदयाची भिंत जाड होऊन १४ मिलिमीटर झाली आहे आणि ब्लडप्रेशरची गोळी उशाशी.

पुढे माझ्याकडच्या एका पोरानं शेवटच्या आठवड्यात पाणी तोडलं, वर लघवीच्या गोळ्या घेतल्या. मी दिल्या नव्हत्या. त्यानं विचारलं तेव्हा फक्त 'जपून' म्हणालो. स्टेजमागे त्याच्या पायात गोळे आले, मग छातीत धडधड, मग पडलाच. पोटॅशियम पार खाली गेलं होतं. वाचला. त्या काळी सगळेच कोच एवढंच म्हणायचे. मी नाही म्हटलं असतं तर तो दुसऱ्याकडे गेला असता. गोळ्या मी दिल्या नव्हत्या, खरंच. (हे दोनदा लिहिलं गेलं. राहू दे.)

म्हणून तुला तो शब्द देणार नाही. कमी डोस, चांगला माल, मध्ये ब्रेक, ही सगळी त्याच शब्दाची टोपणनावं.

या आठवड्यात इको काढ. नॉर्मल आला तर 'बघा सर' म्हणून नाचवत येऊ नकोस. तो पहिल्या इंजेक्शनच्या आधीचा असेल, परवाना नव्हे. काही वेगळं निघालं तर मात्र रात्री-अपरात्री कधीही फोन कर. आणि पुन्हा डोस विचारलास तर उत्तर देणार नाही. नाही, देईन. त्यात आकडा नसेल.