विमानविरोधी तोफखान्याचे कापडी बिल्ले जमवताना

सुरुवात ब्रिटनच्या अँटी-एअरक्राफ्ट कमांडच्या (दुसऱ्या महायुद्धात देशातील विमानविरोधी तोफखान्याची सूत्रे सांभाळणाऱ्या लष्करी विभागाच्या) बिल्ल्यापासून करावी, असे मी सुचवेन: लाल चौकोनावर काळे धनुष्य आणि वर रोखलेला बाण. मात्र १९४२ च्या ऑक्टोबरात तिच्या विमानविरोधी डिव्हिजन (मोठ्या लष्करी तुकड्या) बरखास्त होण्यापूर्वी त्या बाराही डिव्हिजनांची चिन्हे वेगवेगळी होती, आणि संग्राहकाची खरी कसोटी तिथेच लागते. छापील सुती बिल्ले दुय्यम मानू नयेत, कारण युद्धकाळातील काटकसरीत तेही रीतसर गणवेशावर शिवले जात. संशय आल्यास बिल्ला अतिनील दिव्याखाली धरावा. युद्धोत्तर धाग्यांतील उजाळक रसायने निळसर चमकतात, परंतु चमक नसणे हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे. मागचे जुने टाके उसवू नयेत, बिल्ला धुऊ तर मुळीच नये, आणि तो आम्लरहित कागदात, कसरीपासून दूर ठेवावा.