पाचव्या सेमिस्टरला बसलेल्या मुलीस

बेटा,

तुझं पत्र मिळालं. संस्थानच्या कॉलेजात सकाळी प्रार्थनेला हात जोडायचे आणि अकराच्या तासाला डार्विन शिकायचा, हे जमवायचं कसं, असं विचारलंस. जमतं. देव मानायचा की नाही ते तू आणि तुझं घर पाहून घ्या, त्यात मी पडत नाही. पण उत्क्रांतीचा पेपर ‘पास होण्यापुरता करा’ असं जे तुम्हाला सांगितलं जातं, ते मात्र ऐकू नकोस. बाकीचे पेपर त्याच्याच आधारानं समजतात.

कोणीतरी हमखास म्हणेल की हे सगळं आपल्या दशावतारात आधीच आहे: मासा, कासव, वराह, नरसिंह. ऐकून घे, वाद घालू नकोस, उत्तरपत्रिकेत मात्र लिहू नकोस. अवतार एकामागून एक येतात. एकाच्या पोटी दुसरा जन्मत नाही. उत्क्रांतीत सगळा प्रश्न वंशाचा आहे. कासवापासून डुक्कर झालं असं जीवशास्त्र म्हणत नाही. दोघांचा फार जुना पूर्वज एक होता, एवढंच म्हणतं. (आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठातला साधू होता, पुढे त्याच मठाचा प्रमुख झाला, हे स्नेहसंमेलनात जरूर सांग. विश्वस्त खूश होतील.)

खरा धडा तुमच्या वावरात आहे. बीटी कापसाला, म्हणजे बाहेरून घातलेल्या जनुकामुळे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या कापसाला, २००२ साली परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचं बियाणं आलं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भात काय केलं, ते तू लहानपणी पाहिलं असशील: डोमकळ्या (अळीनं पाकळ्या विणून बंद केलेली, न उमलणारी फुलं), आणि वरून धड दिसणारी पण आतून पोखरलेली बोंडं. लोक म्हणाले बियाणं बोगस. काही ठिकाणी असेलही. पण मुख्य म्हणजे अळीची पिढी बदलली होती. एखादी अळी जन्मात शहाणी झाली, असं नव्हे. विष न बाधण्याचा गुण ज्या थोड्या अळ्यांत होता त्या उरल्या, आणि पुढची पिढी त्यांची झाली. एवढं नीट कळलं की नैसर्गिक निवडीचं प्रकरण निम्मं झालं.

आता बियाण्याच्या पाकिटासोबत यायची ती बिगर-बीटीची पुडी आठव. वावराच्या कडेनं लावायची होती. कित्येकांनी लावलीच नाही. ती कशासाठी होती? प्रतिकाराचा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो, या हिशेबावर ती योजना उभी होती. साध्या पऱ्हाटीवर वाढलेला पतंग प्रतिकारक पतंगाशी जुळला तर पिल्लं विषमयुग्मी होतात (तो गुण एकाच बाजूनं आलेला), आणि बीटीच्या झाडावर मरतात. साधे पतंगच नसतील तर प्रतिकारक प्रतिकारकाशीच जुळणार. हिरव्या बोंडअळीला तूर, हरभराही चालतो. गुलाबी अळी जवळजवळ कापसावरच जगते, म्हणून तिच्या बाबतीत ती पुडी जास्तच मोलाची होती.

अजून एक गंमत आहे, ती वर्गात क्वचित सांगतात. आपलं बियाणं संकरित. झाड बीटी खरं, पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी. जनुकं एकाच पालकाकडून आलेली असतील तर सरकीत ती वाटली जातात: एका जनुकाचं ३:१ (तिघींत आहे, एकीत नाही), दोन स्वतंत्र जनुकांचं ९:३:३:१. म्हणजे सोळातल्या सरासरी एका सरकीत एकही विष नाही, सहांत एकेकच. आणि ही अळी नेमकी सरकीच खाते! जेनेटिक्समध्ये तू पाठ केलेला आकडा तुमच्या बोंडात बसला आहे. त्यावर फरदड ठेवली, म्हणजे वेचणी संपल्यावरही पीक न उपटता पुढे राखलं, की अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खायला मिळतं. प्रोजेक्टसाठी दुसरा विषय शोधत फिरू नकोस.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल एवढंच: आपल्या भागात वर्गातल्या कुणाच्या ना कुणाच्या घरी तो असतोच. वंशावळीचा चार्ट काढायला सांगितला तर नावं, आडनावं, जात लिहू नकोस आणि कुणाचा रिपोर्ट फळ्यावर येऊ देऊ नकोस. गावात मुलीचं लग्न अडतं त्यानं. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे मैत्रिणींना मात्र सांग. दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार असण्याची २५ टक्के शक्यता, हेही सांग.

प्राण्यांचं डिसेक्शन बंद झालं म्हणून संस्थानावर रागावू नकोस. ते विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसीनं) देशभर थांबवलं. कांद्याच्या मुळांची स्लाईड मात्र स्वतः कर, मुळं सकाळी काप, आणि पेशीविभाजनाच्या सगळ्या अवस्था सापडेपर्यंत मायक्रोस्कोप सोडू नकोस. तोंडी परीक्षेत बाहेरचे सर तेच विचारतात, आणि तयार स्लाईडवर अभ्यास केलेली मुलं तिथेच अडकतात.

प्रोजेक्टसाठी कामगंध सापळे लाव, मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे. शिफारस हेक्टरी पाचची आहे, तुमच्या एकरभराला दोन पुरतील. ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) गुलाबी बोंडअळीचंच माग, दुकानदार कुठलंही हातात देतो. दर रविवारी पतंग मोजून तारखेसह लिही. दिवाळीनंतर धुऱ्याजवळची आणि मधली हिरवी बोंडं वेगवेगळी फोडून अळ्या मोज. पेरणीला दीड महिना होत आला असेल, तेव्हा सापळे याच आठवड्यात लावायला हवेत. ल्यूर मिळालं नाही तर कृषी सहायकाला विचार आणि मला फोन कर.

तुझे
सर